दोन बहिणींचा एक दाखला

मी एक जुना जन्मदाखला आहे. अंगावर चार घड्या, कडा पिवळ्या आणि उजवा कोपरा करपलेला. माझ्या पाठीवर निळ्या शाईत एक पाऊल उमटले आहे, तुमच्या मधल्या बोटाएवढे लांब. ते पाऊल कुणाचे, या साध्या प्रश्नाला मी पंचवीस वर्षे घाबरून होतो.

मित्रांनो, कागदाला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. अहो, कागदाइतके भित्रे कुणी नसते! पाणी, आग, कसर, उंदीर, घरातले रांगते मूल, सगळ्यांची आम्हाला धास्ती. पण माझी भीती निराळी होती. मला वाचणाऱ्याची भीती वाटायची. कुणी मला उलगडून चष्मा नाकावर चढवला की मी आपणहून पुन्हा मिटू बघायचो. माझ्यावर लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी मी खोटी साक्ष देत फिरत होतो. हे कसे झाले ते सांगतो.

एका सरकारी दवाखान्यात आम्हा पन्नास कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर पडलेला असे. मूल जन्मले की एकेकाची पाळी येई. माझी पाळी चार मार्चला आली. त्या वॉर्डातल्या सिस्टरबाईंची एक सवय होती. त्या बाळाच्या तळपायाला शिक्क्याची शाई लावून त्याचा ठसा दाखल्याच्या मागे उमटवायच्या. हे काही नियमात नव्हते. कुणी विचारले तर म्हणायच्या, "शाई गार लागली की पोरं बोंबलतात. बोंबलली की मला कळतं, छाती चांगली आहे." त्या दिवशी जी मुलगी बोंबलली तिचे पाऊल माझ्या पाठीवर उमटले. घरात ती पहिलीच, म्हणून तिला आपण थोरली म्हणू.

तिचे वडील गवंडी होते. हाताला सिमेंट लागलेले, म्हणून त्यांनी मला दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि नोंदणी कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. तिथल्या कारकुनाने मोठ्या नोंदवहीत नाव चढवले, माझ्यावर नंबर घातला आणि गोल शिक्का मारला. वडिलांनी तारीख दोनदा वाचून घेतली. मग मी चुरगळू नये म्हणून त्यांनी मला जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून घरी नेले. इतक्या कौतुकाने मला पुन्हा कुणी उचलले नाही.

थोरली चौदा महिने जगली. तीन दिवस ताप आला आणि तेवढ्यात सगळे संपले. वडील पुन्हा त्याच कार्यालयात गेले, कारण स्मशानातल्या माणसाने चिठ्ठी मागितली होती. कारकुनाने नोंदवही उघडून माझ्या नंबरापुढे लाल शाईने दोन ओळी लिहिल्या. मी तेव्हा घरी पेटीत होतो. मला घेऊन या असे कुणी म्हटले नाही, म्हणून ती लाल शाई माझ्या अंगावर आली नाही. आली असती तर पुढचे काहीच घडले नसते.

थोरलीचा फोटो नव्हता. पुढच्या महिन्यात काढू, पुढच्या महिन्यात काढू, असे म्हणता म्हणता राहून गेले होते. आई मला पेटीतून काढायची, पालथा करायची आणि त्या निळ्या पावलावरून बोट फिरवायची. मग पुन्हा घडी घालून ठेवून द्यायची.

वर्षभराने, अकरा मेला, दुसरी मुलगी झाली. तेव्हा वडिलांचे काम दूर एका मोठ्या इमारतीवर चालू होते आणि सगळे कामगार तिथेच पत्र्याच्या खोल्यांत राहत. बाळंतपण तिथेच झाले. नोंदणी कार्यालय अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते. "स्लॅब झाला की जाऊ," वडील म्हणाले. स्लॅब झाला, मग दुसऱ्या मजल्याचा आला, मग तिसऱ्याचा. नोंद राहिली ती राहिलीच. नाव मात्र ठेवले, आणि ते थोरलीचेच ठेवले. आईच्या तोंडी दुसरे बसेना. तरी घरात ती त्या नावाने हाक मारत नसे. घरात ती म्हणायची, "धाकटे, इकडे ये."

त्या कामावर लस टोचणाऱ्या एक बाई फिरत यायच्या. त्यांनी धाकटीचे एक गुलाबी कार्ड केले आणि त्यावर खरी तारीख लिहिली. पुढे आईने शिवणयंत्र घेतले तेव्हा ते कार्ड यंत्राच्या खणात गेले, बॉबिनी आणि बटणांच्या खाली. मी पेटीत आणि ते खणात. पंचवीस वर्षे आमची गाठ पडली नाही.

धाकटी सहा वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी फिरते काम सोडून शहरात खोली घेतली. शाळाप्रवेशाचा शेवटचा दिवस होता. हेडमास्तर म्हणाले, जन्मदाखला आणा, नाहीतर पुढच्या वर्षी या. वडील घाईघाईने घरी आले आणि त्यांनी पेटी उघडली.

"तो तिचा आहे," आई म्हणाली.

"नाव तेच आहे. आईबापाची नावं तीच आहेत. कोण विचारतंय?"

"तारीख?"

"दोन वर्षांनी काय बिघडतं? का तिला वर्षभर रेतीच्या ढिगात खेळत बसवायचं?"

मित्रांनो, हा माणूस वाईट नव्हता. भिंत अर्धा इंच ओळंब्याबाहेर गेली तर पाडून पुन्हा बांधणारा हा गवंडी. पण त्याला लिहिता येत नव्हते आणि मुलीने लिहावे असे त्याला फार वाटत होते. आईने पेटीचे झाकण लावले. माझी भीती त्या दिवशी सुरू झाली.

हेडमास्तरांनी मला वाचले, मग टेबलापलीकडे वाकून धाकटीला पाहिले. "आठ वर्षांची? इतकीशी?"

"अंगानं बारीक आहे," आई म्हणाली.

हेडमास्तरांनी माझ्यावरची तारीख रजिस्टरात उतरवून घेतली. पहिला थरच वाकडा बसला, आणि त्यावर भिंत चढू लागली.

माझी नोकरी तिथून सुरू झाली. शाळेच्या रजिस्टरावरून शाळा सोडल्याचा दाखला झाला, त्यावरून ओळखपत्र, त्यावरून लग्नाची नोंद, आणि मग पासपोर्ट. सगळे एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये राहायला आले. त्या पासपोर्टची ऐट काय सांगू! सोनेरी छाप, गुळगुळीत पाने. पण त्याची तारीख माझ्यावरून घेतलेली, हे त्याला कुठे ठाऊक होते? ज्या ज्या खिडकीशी गेलो तिथले कारकून माझी पाठ थोपटायचे. "वा, मूळ दाखला इतका जपून ठेवलाय! असे कागद हवेत." ते कौतुक ऐकून दुसरा फुगला असता. मी मात्र घडीत आणखी आत शिरायचो.

धाकटी वर्गात सगळ्यांत बुटकी. आई शाळेचे गणवेश शिवायची. धाकटीच्या गणवेशाला ती दुमडीत भरपूर माया, म्हणजे वाढीव कापड, ठेवायची आणि मग तो तिला तीन तीन वर्षे पुरायचा. चार मार्चला शाळेत तिचा वाढदिवस म्हणून टाळ्या वाजायच्या, पण घरी त्या दिवशी आई यंत्रावरून उठायची नाही. दोन महिन्यांनी, अकरा मेला, घरात अचानक गोड व्हायचे.

"आज काय आहे आई?"

"काही नाही. खावंसं वाटलं."

धाकटीने मला अनेकदा पालथे करून पाहिले आहे. ती आपला पाय त्या पावलाशेजारी ठेवायची आणि हसायची. "बघ ना आई, मी केवढीशी होते!" आई यंत्र जोरात चालवू लागायची.

पुढे वडील परांचीवरून पडले आणि गेले. गुपित ठाऊक असलेले आता घरात दोघेच उरले, आई आणि मी.

वर्षे गेली. धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करू लागली. बारीक नजरेचे काम, आणि तिच्या हातची काच कधी परत यायची नाही. तिने एका वेल्डरशी लग्न केले. त्यांना मुलगी झाली. ती वर्षाची असताना वेल्डर दूरच्या देशात जहाजे बांधण्याच्या कामावर गेला. त्या नातीने बाबा पाहिला तो फोनमध्ये, तळहाताएवढा. कुणी विचारले की बाबा केवढा आहे, तर ती बोटांनी तेवढेच माप दाखवायची.

तीन वर्षांनी त्या देशाने वेल्डरला कुटुंब आणायची परवानगी दिली. धाकटीने आणि नातीने अर्ज करायचा, कागद दाखवायचे, आणि मंजुरी आली की कायमचे तिकडे राहायला जायचे. घरात आनंदीआनंद झाला. माझे मात्र धाबे दणाणले, कारण यादीत पहिल्याच ओळीला लिहिले होते: मूळ जन्मदाखला, आणि नोंदणी कार्यालयाकडून त्याची नव्याने काढलेली प्रत. खाली लिहिले होते: लहानपणीच्या लसींची नोंद. आणि सगळ्यांत खाली ठळक अक्षरांत: खोटी माहिती आढळल्यास अर्ज फेटाळला जाईल आणि पुढील अनेक वर्षे पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"आई, माझं लसीचं कार्ड कुठंय?"

"हरवलं असेल. किती खोल्या बदलल्या आपण."

आई गणवेश पोचवायला गेली असताना धाकटीला यंत्राच्या खणात ते सापडले. तिने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. चार मार्च आणि अकरा मे. दोन वर्षे, दोन महिने, सात दिवसांचे अंतर. कार्ड माझ्याकडे बघत होते आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

धाकटीला आधी हसू आले. आई आल्या आल्या ती म्हणाली, "आई, मी दोन वर्षांनी लहान झाले बघ! त्या नर्सनं काहीतरीच तारीख लिहिलीय."

आईने दोरा दातांनी तोडला. "असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धाकटी मला घेऊन नोंदणी कार्यालयात गेली. तेच कार्यालय, कारकून मात्र नवा, तरुण आणि शर्टाच्या खिशाला तीन पेनं लावलेला. त्याने माझा नंबर पाहिला आणि कपाटातून जुनी नोंदवही काढली. तिचा वास मी लगेच ओळखला. तो पान उलटत होता आणि मी मनात म्हणत होतो, पान फाटलेले असू दे, कसर लागलेली असू दे, शाई उडालेली असू दे. पान धडधाकट होते.

कारकुनाचे बोट एका ओळीवर थांबले. "तुम्ही या मुलीच्या कोण?"

"कोण म्हणजे? मीच ती."

त्याने मान वर केली आणि खुर्ची जराशी मागे सरकवली. "बाई, ही मुलगी चौदा महिन्यांची असताना वारलीय. ही बघा नोंद."

धाकटी बारीक नजरेची. तिने त्या दोन लाल ओळी वाचल्या. नाव तिचे, आईवडील तिचे, नंबर माझा. तिच्या हातातले पेन खाली पडले ते तिने उचललेच नाही.

"प्रत मला देता येणार नाही," कारकून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "आणि हा दाखला तुमच्याकडे कसा, ते लेखी द्यावं लागेल. दुसऱ्याचा कागद वापरणं गुन्हा आहे, माहितीय ना? ठेवा तो इथं."

त्याने हात पुढे केला. धाकटीने मला झटकन फोल्डरमध्ये सरकवले आणि ती चालू लागली. रस्ताभर तिने फोल्डर छातीशी धरला होता. तिची धडधड प्लॅस्टिकमधून माझ्यापर्यंत पोचत होती. मागून कुणी हाक मारील, कुणी खांद्यावर हात ठेवील, असे आम्हा दोघांनाही वाटत होते.

घरी येऊन तिने मला यंत्रावर ठेवले, कापड बाजूला सारून.

"आई, हा कुणाचा?"

आईने यंत्राचे चाक हाताने थांबवले. मग ती सगळे बोलली. ताप, स्मशानाची चिठ्ठी, पत्र्याची खोली, शाळाप्रवेशाचा शेवटचा दिवस. मध्ये एकदाही तिने वर पाहिले नाही.

"मग माझा दाखला कुठाय?" धाकटीने विचारले.

"तुझा काढलाच नाही."

"म्हणून धाकटी म्हणतेस मला? घरात दुसरी कुणी नसताना?"

आईने मान हलवली. नात दारातून म्हणाली, "आई, तू का रडतेस?" तशी धाकटीने तिला उचलून कडेवर घेतले.

त्या संध्याकाळी वेल्डरचा फोन आला. ऐकून तोही हबकला. "अगं, इथं माझ्या बरोबरच्या एकाचे कागद खोटे निघाले. त्याच्या बायकोला आता येताच येत नाही. आपलं तसं झालं तर पोरगी मोठी होऊन जाईल." मग तो म्हणाला, "तिकडे एक एजंट आहे म्हणतात. जाऊन तर बघ."

एजंटची खोली म्हणजे एक झेरॉक्सचे यंत्र आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेले शिक्के. इतके शिक्के एका डब्यात पाहून मलाच चक्कर आली. एजंट गोड बोलणारा होता. "ताई, घाबरताय काय एवढं? दुसऱ्या गावचा दाखला काढून देतो. नाव तेच, तारीख तीच, नंबर वेगळा. लाल शाईचा प्रश्नच मिटला. फक्त हा जुना ठेवू नका. एका माणसाचे दोन दाखले सापडले की संपलं. शेगडीवर धरायचा, काम झालं."

तो हे माझ्या तोंडावर म्हणाला, मित्रांनो. जन्मभर ज्या आगीला भ्यालो ती आता दोन रस्ते ओलांडून माझी वाट पाहत होती.

घरी येऊन धाकटीने एजंटचे बोलणे आईला सांगितले. ती नातीला भरवत बसली. आईने मात्र तिच्या पर्समधून मला काढले, स्वयंपाकघरात नेले आणि शेगडी पेटवली. "माझ्यामुळं झालं," ती पुटपुटली. "पोरींचं अडायला नको." तिने मला ज्योतीवर धरले. माझा उजवा कोपरा तपकिरी झाला, मग काळा. मला ओरडता येत असते तर सगळी गल्ली गोळा झाली असती.

आणि आईने हात मागे घेतला. तिने मला पालथे केले. शेवटचे एकदा पाहून घ्यावे, एवढेच तिच्या मनात असेल. तिचे बोट त्या निळ्या पावलावरून फिरत होते आणि धाकटी दारात उभी राहून ते पाहत होती.

"आई, तिचं दुसरं काही आहे घरात?"

"काही नाही."

"फोटो? झबलं? काहीच?"

"झबली तूच घातलीस."

धाकटीने पुढे होऊन गॅस बंद केला. "मग हा जाळायचा नाही," ती म्हणाली.

एजंटकडे ती पुन्हा गेली नाही. चष्म्याच्या दुकानाच्या मालकिणीने तिला एका वकीलबाईंचा पत्ता दिला. वकीलबाईंचे ऑफिस खिळे-स्क्रूच्या दुकानाच्या माडीवर होते. त्यांनी आम्हा सगळ्या कागदांना टेबलावर ओळीने मांडले आणि एकेकावरची तारीख वाचत गेल्या. एवढी भीती मला शेगडीचीही वाटली नव्हती.

"जुनी चूक सांगून टाकता येते," त्या अखेर म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही सहा वर्षांच्या होतात. पण आज नवा खोटा दाखला केलात, तर ते खोटं तुमचं स्वतःचं. त्यातून मी तुम्हाला सोडवू शकणार नाही."

"मग काय करायचं?"

"त्यांनी विचारायच्या आधी आपण सांगायचं. थोरलीचा मृत्यूचा दाखला काढू. तुमच्या जन्माची नोंद उशिरानं होते, त्यासाठी कोर्टात अर्ज करू. हे गुलाबी कार्ड पुरावा म्हणून लावू. पासपोर्टवरची तारीख बदलून घेऊ. आणि कुठल्या कागदावर कुठली तारीख आहे, का आहे, ते सगळं एका पत्रात सरळ लिहू. या मावशींना प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल."

आईचा चेहरा उतरला. "मला धरून नेतील का हो?"

"मावशी, मी खोटा धीर देणार नाही. काहीही होऊ शकतं. पण खरं लिहिलेलं असलं की मला भांडता येतं."

आईने प्रतिज्ञापत्रावर सही केली. कापडावर डोळे झाकून सरळ शिवण मारणारा तो हात, पण तिची सही ओळ सोडून खाली गेली.

पुढचे दहा महिने भीतीतच गेले. दारावर कुणी टकटक केली की आई यंत्र थांबवायची. वेल्डर रोज विचारायचा, आणि एकदा तर चिडून म्हणाला, "एजंटनं दहा दिवसांत केलं असतं." धाकटीने त्या दिवशी फोन लवकर ठेवला. तिचे बरोबर होते की नव्हते, हे तिलाही ठाऊक नव्हते. शेवटी कोर्टाचा हुकूम झाला, तिच्या जन्माची नोंद झाली आणि एक कोरा करकरीत दाखला फोल्डरमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. एकतीस वर्षांच्या बाईचा तो आठ दिवसांचा दाखला! पासपोर्टही नवा आला, पण या वेळी त्याची ऐट जरा कमी होती.

मग मुलाखतीचा दिवस आला. काचेच्या पलीकडे त्या देशाचा एक अधिकारी बसला होता. चेहऱ्यावर राग नाही, हसूही नाही. त्याच्या शेजारी एक दुभाषी बाई त्याचे प्रश्न आपल्या भाषेत सांगत होत्या. धाकटीने काचेखालच्या फटीतून आम्हाला एकेक करून आत सरकवले. माझी पाळी आली तेव्हा तिची बोटे गार पडली होती.

अधिकाऱ्याने मला दिव्याखाली धरले.

"हा दाखला कुणाचा आहे?" दुभाषी बाईंनी विचारले.

पंचवीस वर्षे मी या प्रश्नाची वाट चुकवत आलो होतो.

"माझ्या थोरल्या बहिणीचा," धाकटी म्हणाली. "ती चौदा महिन्यांची असताना गेली."

"तुम्ही तो पंचवीस वर्षं वापरलात?"

"हो. मला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा सगळं लिहून दिलं."

अधिकाऱ्याने पत्र वाचले, गुलाबी कार्ड पाहिले, आणि पुन्हा मला उचलले. त्याचे बोट माझ्या काळ्या कोपऱ्यावर आले.

"हा कोपरा कसा जळाला?"

झाले, आता संपले, असे मला वाटले. हे त्या पत्रात नव्हते. वकीलबाईंनाही कुणी सांगितले नव्हते. स्वयंपाक करताना लागले, असे म्हणता आले असते. कुणी पाहिले होते? काचेपलीकडे पेन कागदावर टेकून थांबले होते. धाकटीच्या मांडीवर नात होती, आणि धाकटीने तिला इतके घट्ट धरले की ती कुरकुरली.

"आम्ही तो जाळायला निघालो होतो," धाकटी म्हणाली. "घाबरलो होतो."

"मग जाळला का नाही?"

"तिचं घरात दुसरं काही नाही. तेवढं पाऊल आहे मागे."

दुभाषी बाई आधी घोटभर पाणी प्यायल्या. मग त्या बोलल्या, आणि अधिकाऱ्याने मला पालथे केले. त्याने ते पाऊल पाहिले, काहीतरी लिहिले आणि आम्हाला सगळ्यांना परत फटीतून बाहेर सरकवले. "कळवू," एवढेच उत्तर मिळाले.

कळवायला त्यांना सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत धाकटीची काच पहिल्यांदा दुकानात परत आली. एका सकाळी फोनवर संदेश आला. तो तिने तीनदा वाचला आणि मग आईला वाचायला दिला, आपण चुकीचे तर वाचत नाही ना म्हणून. अर्ज मंजूर झाला होता. वेल्डर फोनवर नुसताच नाक ओढत राहिला. नातीने विचारले, "बाबा खराखुरा केवढा आहे?" आणि सगळे एकदम हसले.

जायच्या दिवशी गाडी दारात उभी होती. धाकटीने फोल्डर शेवटचा तपासला, त्यातून मला काढले आणि आईच्या हातात दिले. मग तिचा धीर सुटला. "आई, तू एकटी राहणार गं."

आईने मला पालथे केले, तळहातावर सरळ केले आणि म्हणाली, "एकटी कुठं? थोरली आहे ना घरात."

मित्रांनो, आता मी शिवणयंत्रासमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत आहे, पाऊल पुढे करून. माझे एवढे ऐका. आज आपल्या घरातले कागद काढा आणि आईवडिलांबरोबर बसून एकेकावरची तारीख वाचा. जुळत नसली तर कागद लपवू नका, जाळू नका, नवा बनवून घेऊ नका. ती तारीख तशी का आहे ते विचारा आणि लवकर विचारा, म्हणजे कुठल्या काचेपुढे उभे राहून तुमची बोटे गार पडणार नाहीत. आणि कधी आमच्याकडे गणवेश शिवायला आलात तर भिंतीकडे बघून खुशाल विचारा, हे पाऊल कुणाचे. मी आता घाबरत नाही. आई सांगेल.